शेजाऱ्याचा गुन्हा व दफ्तराची साक्ष

१. जुने कागद जमविणारांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो. विचारणारा बहुधा स्वतःच्या घराण्याविषयीं विचारीत नाहीं; तो शेजारच्या घराण्याविषयीं विचारतो. अमक्यांचा मूळपुरुष पेशवाईंत कोणत्याशा गुन्ह्यांत सांपडला होता म्हणतात, तें खरें काय, व दफ्तरांत त्याचा कांहीं दाखला आहे काय, असा तो प्रश्न असतो. कधीं त्याच्या मुळाशीं निव्वळ कुतूहल असतें, कधीं वतनाच्या किंवा वाटणीच्या जुन्या भांडणाची धग असते, तर कधीं सोयरीक जुळविण्यापूर्वींची चौकशी असते. हेतु कोणताहि असो, उत्तर देणाराच्या हातीं एक कागद असतो आणि त्या कागदाच्या बळावर एका घराण्याच्या नांवास डाग लागण्याचा, किंवा तोंडोतोंडीं चालत आलेला डाग पुसला जाण्याचा संभव असतो. म्हणून असा शोध कोणत्या रीतीनें करावा, सांपडलेल्या नोंदीचा अर्थ कसा लावावा आणि तिच्यावरून काय म्हणावें व काय म्हणूं नये, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. मराठी राज्याचें दफ्तर क्वचितच गुन्हा सांगतें. सरकारांत काय जमा झालें, कोणीं काय लिहून दिलें व कोणास काय आज्ञा झाली एवढें तें सांगतें. त्यावरून गुन्हा सिद्ध करणें हें वाचणाराचें काम आहे, आणि घोटाळा होतो तो या कामांतच होतो.

२. प्रथम दफ्तर कोठें व कसें आहे तें पाहूं. १८१८ सालीं पेशवाई गेल्यावर तिचें दफ्तर इंग्रजांच्या ताब्यांत आलें. पुढें इनामांच्या चौकशीसाठीं त्याचा उपयोग होऊं लागला व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यांत त्यासाठीं स्वतंत्र इमारत उभी राहिली. तीस हजारांहून अधिक रुमालांचा हा संग्रह आहे. गणेश चिमणाजी वाड यांनीं रोजनिशींतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभीं भागशः छापून निघाले. न्यायमूर्ति रानडे यांनीं या रोजनिशांवर आपला प्रसिद्ध निबंध १९०० सालीं वाचला. आणि १९३० ते १९३४ या अवधींत गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दफ्तराचे ४५ खंड बाहेर पडले. तथापि छापील भाग हा मूळ राशीचा अल्पांश आहे, व त्यांत राजकारणाच्या पत्रांना जितकी जागा मिळाली तितकी चावडीवरच्या कज्ज्यांस मिळणें शक्यहि नव्हतें.

शोध करणाराच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, या दफ्तराची मांडणी माणसांवार नाहीं. रोजकीर्द दिवसवार आहे. घडणी, प्रांत अजमास, परगण्यांचे हिशेब हे प्रांतवार व कलमवार आहेत. 'अमक्या माणसाचे गुन्हे' अशी एका व्यक्तीच्या नांवें धरलेली यादी पेशव्यांच्या सरकारांत ठेवीत नसत. त्या सरकारास माणसाचें चरित्र नको होतें, हिशेब हवा होता. यामुळें ज्यास शोध करावयाचा असेल त्यानें आधीं परगणा व साल हीं निश्चित केलीं पाहिजेत. तीं ठाऊक नसतां रुमाल सोडीत बसणें म्हणजे गवताच्या गंजींत सुई धुंडण्यासारखें आहे. शहर पुणें असेल तर कोतवालीचे कागद पाहावे. खेडें असेल तर परगण्याच्या कमाविसदाराचे हिशेब, देशमुख-देशपांड्यांचीं खासगी दफ्तरें, गांवच्या वतनदारांच्या घरचे महजर व निवाडपत्रें, आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न असल्यास ब्रह्मसभांचे व मठांचे कागद हीं सारीं स्थळें पाहावीं लागतात. एका ठिकाणीं सांपडलेला तुकडा दुसऱ्या ठिकाणच्या तुकड्याशीं जुळल्याविना पुरा अर्थ देत नाहीं.

३. आतां शब्दाकडे वळूं. सर्वांत अधिक अनर्थ ज्या एका शब्दानें केला आहे तो 'गुन्हेगारी' हा होय. आज हा शब्द ऐकतांच आपल्या मनांत गुन्हे करण्याची वृत्ति, दुष्कर्म असा अर्थ येतो. पेशवेकालीन हिशेबांत तो तसा नाहीं. तेथें गुन्हेगारी म्हणजे दंडाची रक्कम. जमेचें एक कलम. मोल्सवर्थच्या कोशांतहि दंड हा अर्थ नोंदलेला आहे. तेव्हां एकाद्या कुणब्याच्या नांवापुढें 'गुन्हेगारी' म्हणून पांच रुपये जमा दिसले, तर त्या माणसानें पांच रुपये दंड भरला एवढेंच त्यावरून ठरतें. तो दंड चोरीबद्दल होता, शेजाऱ्याशीं शिवीगाळ केल्याबद्दल होता, कीं सरकारी हुकुमाची तामिली वेळेवर न केल्याबद्दल होता, हें त्या आंकड्यावरून कळत नाहीं.

इतकेंच नव्हे. आज ज्यांस आपण दिवाणी दावे म्हणतों अशा वतनाच्या, सीमेच्या व देण्याघेण्याच्या कज्ज्यांतहि जिंकणाराकडून हरकी किंवा शेरणी आणि हरणाराकडून गुन्हेगारी घेण्याचा प्रघात होता. वि. त्र्यं. गुणे यांनीं मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या रकमांचें विवेचन आलें आहे. हरलेला पक्ष आपली हार कबूल करून यजितखत लिहून देई व जिंकलेल्यास निवाडपत्र मिळे. समजा, दोघे भाऊबंद पाटिलकीच्या वडीलपणाबद्दल भांडले, त्यांपैकीं एक हरला, व त्याच्याकडून शंभर रुपये गुन्हेगारी घेतली. त्यानें कोणतेंहि पाप केलें नव्हतें; आपला हक्क आहे असें मानून तो उभा राहिला व पुराव्यांत कमी पडला. परंतु दीडदोनशें वर्षांनीं निवाडपत्र गहाळ होतें, परगण्याच्या हिशेबांतलें एक ओळीचें कलम मात्र शिल्लक राहतें, आणि जिंकलेल्या शाखेचा वंशज तें कलम दाखवून म्हणतो कीं, यांचा पणजोबा गुन्हेगार होता. असे वाद गांवोगांवीं उभे राहण्यासारखे आहेत. तेथें संग्राहकानें 'गुन्हेगारी' या शब्दाचा त्या काळचा अर्थ सांगितला तर अर्धा वाद तेथेंच मिटेल.

याच्या उलट बाजूहि लक्षांत ठेवली पाहिजे. दंडाचें कलम नाहीं म्हणून माणूस निर्दोष, असेंहि ठरत नाहीं. दरिद्री माणसाकडून दंड वसूल होत नसे. त्यास कैद, किल्ल्यावरील सक्तीचें काम किंवा अंगच्छेद यांपैकीं कांहीं सोसावें लागे, व त्याची नोंद जमेच्या बाजूस न येतां खर्चाच्या बाजूस, कैद्याच्या शिध्याच्या रूपानें येई. गुन्हेगारीच्या यादींत पैसेवाले अधिक दिसतात तें ते अधिक अपराधी होते म्हणून नव्हे, त्यांच्याजवळ घेण्यासारखें कांहीं होतें म्हणून.

४. शब्दानंतर नांव. मोडी कागदांत आडनांव नेहमीं असतेंच असें नाहीं. ब्राह्मणाचें नांव बापाच्या नांवासह येतें, इतरांचें बहुधा 'बिन' घालून येतें, व पुष्कळदां नुसतें नांव आणि धंदा किंवा गांव एवढ्यावरच लेखकानें भागविलेलें असतें. त्या काळीं त्याच्यासमोर माणूस उभा होता. त्यास ओळख पुरत होती. आपणांस ती पुरत नाहीं. शिवाय आजोबाचें नांव नातवास ठेवण्याची चाल आपल्यांत सर्वत्र असल्यामुळें एकाच घरांत तीच दोन नांवें आळीपाळीनें पिढ्यान् पिढ्या चालतात. साल वाचण्यांत एका शब्दाची चूक झाली तर आजोबाचा दंड नातवाच्या माथीं बसतो.

सालाची गोष्ट उदाहरणानें स्पष्ट होईल. 'तिसा सबैन मया व अलफ' म्हणजे नऊ, सत्तर, शंभर व हजार मिळून सुहूर सन ११७९. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे इसवी सन १७७८ येतो. परंतु सुहूर सन मृगापासून सुरू होत असल्यामुळें महिना पुढील जानेवारीपासून मेपर्यंतचा असेल तर ६०० मिळवून १७७९ धरावें लागतें. आतां या ओळींतील 'सबैन' हा शब्द कोणीं घाईनें 'तिसैन' असा वाचला तर सत्तराचे नव्वद होतात आणि वीस वर्षांचें अंतर पडतें. म्हणजे जवळजवळ एक पिढी. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, शब्द एकमेकांस चिकटून येतात व लेखणी क्वचितच उचललेली असते. अशा लेखनांत विशेषनाम वाचतांना संदर्भाचा आधारहि मिळत नाहीं, कारण क्रियापद अंदाजानें ओळखतां येतें, माणूस अंदाजानें ओळखतां येत नाहीं. तेव्हां नांव, बापाचें नांव, गांव, धंदा किंवा वतन, व साल या पांच गोष्टींपैकीं निदान चार जुळल्याशिवाय कागदांतील माणूस हाच अमक्यांचा पूर्वज, असें म्हणूं नये, असा आमचा आग्रह आहे.

स्त्रियांच्या बाबतींत ही सावधगिरी दुप्पट पाहिजे. बदअंमलाच्या, म्हणजे व्यभिचाराच्या, आरोपावरून स्त्रियांस पकडून सरकारांत कुणबिणी म्हणून ठेवीत, किल्ल्यांवर व कोठ्यांवर कामास लावीत, किंवा दुसऱ्यास देऊन टाकीत. त्यांची नोंद 'अमक्याची बायको' अशी, किंवा नुसत्या एका नांवानें येते. त्यांतील किती जणींवरील आरोप खरा व किती जणी नातलगांच्या वैरामुळें किंवा निराधारपणामुळें त्या स्थितीस गेल्या, हें हिशेबाचा कागद सांगूं शकत नाहीं. कुणबिणींच्या यादींत नांव असणें हा दुराचाराचा पुरावा नव्हे; तें एका दास्याचा पुरावा आहे.

५. तिसरी गोष्ट आरोप व निर्णय यांतील भेदाची. कज्ज्याच्या कागदांत तकरीर असते, करीना असतो, साक्षीदारांच्या जबान्या असतात, जामीनकतबे असतात, आणि शेवटीं महजर किंवा निवाडपत्र असतें. हे सर्व कागद एकाच वेळीं हातीं येतील असें नाहीं. बहुधा एकच हातीं येतो, व तो फिर्यादीचा असला तर त्यांत प्रतिपक्ष चोर, खुनी व विश्वासघातकी असणारच. फिर्यादीची तकरीर वाचून प्रतिवादीचें चरित्र लिहिणें म्हणजे एका व्याह्याच्या तोंडून दुसऱ्या व्याह्याची कीर्ति ऐकण्यासारखें आहे.

खोट्या आरोपांचें प्रमाण कमी होतें असेंहि समजण्याचें कारण नाहीं. त्या काळच्या मराठींत खोट्या आळास 'तुफान' असा खास शब्द रूढ होता. एकाद्या गोष्टीस स्वतंत्र नांव पडतें तें ती वारंवार घडते म्हणूनच. पुरावा दोन्ही बाजूंनीं तुल्यबल झाला कीं दिव्यावर पाळी येई. तापलेल्या तेलांतून धातूचा रवा काढावयाचा, किंवा तापलेला लोखंडाचा गोळा हातांत घेऊन चालावयाचें, व मग हाताची पिशवी सोडून फोड पाहावयाचे. असल्या रीतीनें खोटा ठरलेला मनुष्य कागदांत खोटा म्हणून कायमचा राहिला आहे. आपण त्या निर्णयाची नोंद घ्यावी. त्याच्या सत्यतेची हमी मात्र आपण घेऊं नये.

पुणें शहरापुरतें बोलावयाचें तर घाशीराम कोतवालाचें प्रकरण या बाबतींत डोळ्यांपुढें ठेवण्यासारखें आहे. घाशीराम सावळदास हा १७७७ सालीं पुण्याचा कोतवाल झाला. शहराची राखण, रात्रीच्या तोफेनंतर हिंडणारांस पकडणें, बदअंमल व जुगार यांची चौकशी, वजनेंमापें व बाजारभाव यांवर देखरेख, अशीं नाना कामें कोतवालीकडे असत व वसूल झालेली गुन्हेगारी ही कोतवालीच्या उत्पन्नाचीच एक बाब होती. ज्याच्या हातीं आरोप करणें, पकडणें व दंड घेणें हीं तिन्ही असतात, त्याच्या दफ्तरांत अपराधी पुष्कळ निघावे यांत नवल नाहीं. १७९१ च्या श्रावणांत दक्षिणेसाठीं आलेल्या तेलंग ब्राह्मणांस कोतवालाच्या माणसांनीं धरून कोंडलें. हे चोर आहेत असें वर कळविण्यांत आलें. आणि कोंडलेल्या जागेंत गुदमरून त्यांपैकीं वीसांहून अधिक माणसें मेलीं. मानाजी फांकडे यांनीं तें बंदिखाना उघडविल्यामुळें प्रकार उजेडांत आला, शहर खवळलें, व ३१ ऑगस्ट १७९१ रोजीं घाशीराम दगडांखालीं मारला गेला. आमचा मुद्दा कोतवालाच्या अंताचा नाहीं. कुलूप वेळेवर निघून तीं माणसें जिवंत सुटलीं असतीं, तर कोतवालीच्या कागदांत त्यांची नोंद 'चोर धरिले, गुन्हेगारी घेऊन सोडिले' अशाच जातीची झाली नसती काय? आणि आज ती नोंद वाचून आपण ती खरी मानली नसती काय? त्या माणसांचें निर्दोषपण इतिहासास कळलें तें त्यांच्या मरणामुळें. घाशीरामाच्या चौदा वर्षांच्या कोतवालींत जे जगले व दंड भरून घरीं गेले, त्यांची बाजू सांगणारें कोणी नाहीं.

६. चौथी गोष्ट गुन्ह्याच्या शेवटाची. आपण गुन्ह्याची नोंद शोधतों तेव्हां तो गुन्हा फिटल्याची नोंदहि शोधतों काय? जुन्या समाजांत दंड दिवाणांत भरावयाचा व दोष गोतांत फेडावयाचा, असे दोन मार्ग जोडीनें चालत. ब्रह्मसभेनें प्रायश्चित्त सांगितलें, अपराध्यानें तें केलें, गोतानें त्याच्या पंक्तीस भोजन केलें, म्हणजे तो शुद्ध झाला. व तसें शुद्धिपत्र त्यास मिळे. शुद्धिपत्र असलेल्या माणसास कोणीं मागील गोष्टीवरून टोंचून बोलूं नये, असाच त्या कागदाचा उपयोग होता. संग्राहकांस दंडाचा कागद मोलाचा वाटतो व शुद्धिपत्र नित्याचें म्हणून बाजूस पडतें, ही दृष्टि बदलली पाहिजे. एकाच माणसाविषयींचे हे दोन कागद वेगळे छापणें म्हणजे अर्धा श्लोक म्हणून अर्थ सांगण्यासारखें होय.

या चालीस धर्मशास्त्राचा स्पष्ट आधार होता. नारदस्मृतींत वाक्पारुष्याच्या, म्हणजे शिवीगाळीच्या, प्रकरणांत असें सांगितलें आहे कीं, ज्यानें शास्त्राप्रमाणें प्रायश्चित्त घेतलें आहे किंवा ज्यास राजानें दंड केला आहे, त्यास त्या पातकावरून दूषण देऊं नये. दिल्यास दूषण देणाराच दंडास पात्र होतो. त्याच प्रकरणांत याहून कडक विधान आहे: चोरास चोर म्हणणाराहि त्याच्याइतकाच दोषी, आणि जो चोर नाहीं त्यास चोर म्हणणारा दुप्पट दोषी. मनूनेंहि काण्यास काणा व लंगड्यास लंगडा असें खरें बोलून हिणविणारास दंड सांगितला आहे. खरें असलें म्हणजे वाटेल तेव्हां वाटेल त्याच्याविषयीं बोलावें, हें मत आपल्या स्मृतिकारांस मान्य नव्हतें. हेच स्मृतिकार सीमेच्या वादांत शेजाऱ्यांची, म्हणजे सामंतांची, साक्ष मुख्य मानतात हेंहि ध्यानांत ठेवावें. शेजाऱ्यानें शेजाऱ्याविषयीं न्यायसभेंत खरें सांगावें हें कर्तव्य. चव्हाट्यावर फिटलेलें पातक उकरून काढावें हा अपराध. दोहोंमधील रेषा त्यांनीं इतकी स्वच्छ आंखली आहे. इंग्लंडांत १९७४ सालीं झालेल्या कायद्यानें ठराविक मुदतीनंतर जुन्या शिक्षांचा उच्चार करण्यास जो आळा घातला, त्याच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे.

७. इंग्रजी अमलांत नोंदीची जातच पालटली. पेशव्यांचें दफ्तर हिशेबवार होतें. नवें दफ्तर माणूसवार झालें, व पुढें जातवारहि झालें. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानांत लागूं झाला. १९११ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यासह सर्वत्र तो लावण्याची वाट मोकळी झाली. जमातच गुन्हेगार ठरविली गेल्यामुळें कैकाडी, पारधी, भामटे, मांग-गारुडी इत्यादि लोकांचीं नांवें रजिस्टरांत चढलीं, बोटांचे ठसे घेण्यांत आले, हजेऱ्या सुरू झाल्या, व सोलापुरासारख्या ठिकाणीं तारेच्या कुंपणांत वसाहती वसविण्यांत आल्या. या रजिस्टरांतील नांवापुढें कृत्य नाहीं. जन्म हेंच कृत्य. पेशवाईंतील नोंद निदान कांहीं तरी घडल्यावर होत असे.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ पासून रद्द झाला. त्याच्या जागीं सराईत गुन्हेगारांविषयींचे कायदे आले. मुंबई राज्यांतील १९५९ चा. रजिस्टरें बंद झालीं तरी त्यांनीं लावलेली संवय बंद झाली नाहीं, हें वेगळें सांगण्याची जरुरी नाहीं. कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याची आज्ञा सर्वोच्च न्यायालयानें ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं दिली, यावरूनच तो रकाना तोंवर टिकला होता हें दिसतें. अशा रजिस्टरांचीं पानें आज जुन्या बाजारांत व घरगुती संग्रहांत येऊं लागलीं आहेत. तीं जपून ठेवावीं, कारण तीं एका अन्यायाचा अस्सल पुरावा आहेत. परंतु त्यांतील माणसांच्या अपराधाचा पुरावा म्हणून तीं कधींहि पुढें करूं नयेत.

सरकार बदललें कीं गुन्हेगारहि बदलतो, याचें उदाहरण उमाजी नाईकांचें आहे. कंपनी सरकारच्या कागदांत ते दरोडेखोर. त्यांस १८३२ च्या फेब्रुवारींत पुण्यांत फांशीं दिलें. पुरंदरच्या मुलुखांतील लोकांच्या मनांत ते राजे. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. पहिली सरकारनें काय केलें तें सांगते, दुसरी लोकांनीं काय मानलें तें सांगते.

८. कोणी म्हणेल, ही सर्व जुन्या काळची कथा झाली. आज न्याय उघड्यावर होतो व नोंद स्पष्ट असते. कांहीं अंशीं हें खरें आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें सार्वजनिक दस्तऐवज कोणते तें ठरविलें व ते पाहण्याचा ज्यांस हक्क आहे त्यांस नक्कल मिळण्याची तजवीज केली. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमानें घेतली आहे. पोलिसांकडील प्रथम खबर, नाजूक स्वरूपाचे गुन्हे वगळून, चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं दिला. न्यायालयांतील खटले पक्षकाराच्या नांवावरून घरबसल्या शोधतां येतात. पेशव्यांच्या दफ्तरांत जें माणूसवार नव्हतें तें आतां क्षणांत माणूसवार होतें.

परंतु वर सांगितलेले चारहि दोष जसेच्या तसे आहेत. एकाच नांवाचीं अनेक माणसें आहेत. प्रथम खबर ही तकरीरच आहे, निवाडा नव्हे. खटला दाखल झाल्याची ओळ शोधणारास चटकन् सांपडते, निर्दोष सुटल्याची ओळ वाचण्याइतका धीर त्यास नसतो. आणि फिटलेला गुन्हा फिटला असें सांगणारें शुद्धिपत्र आतां कोणी देत नाहीं. अल्पवयी मुलांपुरती मात्र, त्यांच्यावरील कलंक पुढें चालूं नये व नोंद यथाकाळ नष्ट व्हावी, अशी तरतूद २०१५ च्या कायद्यांत आहे. फौजदारी खटल्यांत आरोपीचें पूर्वींचें वाईट वर्तन सामान्यतः पुरावा म्हणून धरूं नये, हा नियम १८७२ च्या कायद्यांत होता व नव्यांतहि राहिला आहे. न्यायाधीश जें ऐकण्यास नाकारतो तें शेजाऱ्यानें निकालासारखें मानावें, हें उचित नव्हे. नोंद उघडी असणें हें न्यायाच्या रक्षणासाठीं आहे. राज्यकर्त्यानें कोणास गुपचूप कोंडूं नये, म्हणून ती उघडी आहे. तेलंग ब्राह्मणांस कोंडल्याची नोंद त्याच दिवशीं उघडी असती तर ते वांचले असते. तिचा उपयोग शेजाऱ्यास कोंडण्याकडे करणें हा तिच्या हेतूचा विपर्यास होय.

९. राहतां राहिला प्रसिद्धीचा प्रश्न. अपराधाचे कागद छापावे कीं न छापावे? कांहीं संग्राहक लाजेनें किंवा आप्तांच्या भिडेनें असे कागद दडवून ठेवतात. प्रसंगीं जाळून टाकतात. हें आम्हांस सर्वथा अमान्य आहे. दंडाच्या, दिव्याच्या, कुणबिणींच्या व कैद्यांच्या कागदांवाचून सामान्य मनुष्याचा इतिहास लिहितां यावयाचा नाहीं. राजाचें चरित्र खलित्यांवरून लिहितां येतें. कुंभाराचें, तेलिणीचें, महाराचें नांव दफ्तरांत बहुधा तो सरकारच्या तावडींत सांपडला तेव्हांच उमटलेलें असतें. तो एकुलता एक उल्लेख नष्ट करणें म्हणजे त्या माणसास दुसऱ्यांदा मारणें होय. कागद जपलाच पाहिजे, व अस्सलाबरहुकूम छापलाहि पाहिजे.

मात्र छापतांना पुढील पथ्यें पाळावीं, असें आम्ही सुचवितों. कागद तकरीर आहे, हिशेब आहे कीं निवाडा आहे, हें शीर्षकांतच सांगावें. 'गुन्हेगारी', 'बदअंमल', 'तुफान' हे शब्द आजच्या अर्थानें वाचले जाणार नाहींत अशी टीप द्यावी. कज्ज्याचा शेवट ठाऊक असल्यास तो आरंभींच द्यावा. कागदांतील माणसाचा आजच्या घराण्याशीं संबंध वंशावळीनें पुरा सिद्ध झाल्याखेरीज तो सुचवूंहि नये. आणि सिद्ध झाला तरी इतिहासाच्या कोणत्या प्रश्नास त्याची गरज आहे, हें स्वतःस विचारून मगच लिहावा. जो शेजाऱ्याविषयीं विचारीत येईल त्यास संपूर्ण कागद दाखवावा, एक ओळ उतरून देऊं नये. संपूर्ण कागद वाचण्याची तयारी नसेल तर त्यास इतिहास नको आहे, हत्यार हवें आहे, असें समजावें.

हीं पथ्यें पाळलीं असतां दफ्तराची साक्ष भरंवशाची होते. दफ्तर हा मोठा प्रामाणिक साक्षीदार आहे; परंतु तो विचारलें तेवढेंच सांगतो, आणि त्यास प्रश्न विचारणारा शेजारी कोणत्या मनानें आला आहे, हें त्यास कळत नाहीं. तें ओळखणें ज्याच्या हातीं रुमालाची गांठ आहे त्याच्याकडे येतें.